वाईट फोटो असतील तर द्या

आमच्या दारावर सकाळी मासेवाली येते, महिन्याकाठी रद्दीवाला येतो, आणि ते कमी पडतात म्हणून की काय, जनूकाका येतात. जनूकाका वाईट फोटो मागायला येतात.

हो, वाईटच. चांगला फोटो दाखवलात तर तो माणूस हातसुद्धा लावत नाही. मागे एकदा मी हौसेने माझ्या लेकीचा पदवीदानाचा फोटो पुढे केला. काळा झगा, डोक्याला ती चौकोनी टोपी, हसरा चेहरा, सगळं कसं छान. काकांनी तो लांब धरून बघितला, तोंड वाकडं केलं आणि मला परत दिला.

"ह्याला काय झालंय? धडधाकट हाय. आजारी असेल तर दे."

डॉक्टरने तब्येत चांगली आहे म्हणून पेशंटला हाकलावं, तसं माझ्या पोरीला हाकललं! मी फोटो हातात धरून बघतच राहिले. वर काका चहा मात्र प्यायले, आणि साखर कमी आहे म्हणाले.

जनूकाका म्हणजे जनार्दन शिवलकर. आमच्या आळीच्या टोकाला, चिरेबंदी छोटं घर आहे ना, ज्याच्या दगडी गडग्यावर नेहमी एक छत्री वाळत असते, ते त्यांचं. पंच्याहत्तरी कधीच ओलांडली, पण चाल अजून एसटी चुकत असल्यासारखी. खांद्याला कापडी पिशवी. एके काळी निम्म्या रत्नागिरीच्या लग्नांचे फोटो ह्या माणसाने काढले, आणि त्याच निम्म्या रत्नागिरीने ह्यांना शिव्या घातल्या. खोटं कशाला बोलू, फोटो वाईटच असायचे. उंच माणसांची डोकी जायची. मांडव एका बाजूला कलंडलेला असायचा. फ्लॅश असा काही वेळ साधून उडायचा की सगळ्यांचे डोळे एकदम मिटलेले. काकांनी काढलेला पंगतीचा फोटो बघितला तर वाटावं, ही माणसं झोपेतच जेवतायत. तरी सगळे त्यांनाच बोलवायचे. घरचा माणूस, त्याला डावलून दुसरा कसा बोलवणार?

मग मोबाईल आले, स्टुडिओ बंद पडला. त्याच्या आधीच मालतीकाकू, म्हणजे काकांची बायको, गेली होती. मूलबाळ नाही. आता हा माणूस बसून राहणार आणि खंगणार, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. तर कुठलं काय! काकांनी कॉम्प्युटर घेतला. मोबाईलवर बघून बघून फोटो दुरुस्त करायला शिकले. ज्या वयात माणसं गुडघ्याला तेल चोळत बसतात, त्या वयात हे लोकांच्या मेलेल्या आजोबांना नवे केस लावायला लागले. आणि मग सुरू झाली ती फेरी. दारात उभं राहायचं आणि हाळी द्यायची, "वाईट फोटो असतील तर द्या गो! चुकी आमची, दुरुस्ती पण आमचीच!"

पैसे विचारले तर रागवायचे. "गिऱ्हाईकाचे डोळे मी मिटवले, आता उघडायचे पैसे घेऊ?"

ऐकायला किती छान वाटतं नाही? मलाही वाटलं होतं. सरूवहिनींचा प्रकार होईपर्यंत.

सरूवहिनी पावसकर आमच्या मागच्या घरात राहतात. त्यांचे यजमान गेले, आणि भिंतीवर लावायला एकुलता एक फोटो मिळाला तो पुतण्याच्या मुंजीतला. अर्थात काकांनी काढलेला, आणि अर्थात डोळे मिटलेले. काका म्हणाले, उघडून देतो. आता डोळे उघडायचे तर उघडे डोळे कुठून तरी आणायला नकोत? यजमानांचा दुसरा फोटोच नव्हता. काकांनी दोन दिवस विचार केला, आणि मग त्याच मुंजीतल्या दुसऱ्या फोटोतून यजमानांच्या सख्ख्या भावाचे, बाळा पावसकरचे, डोळे काढून ह्यांना बसवले. झक्क बसले. फ्रेम करून आणून दिली. वहिनींनी हार घातला, निरांजन लावलं, हात जोडले, वर बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की मी हातातलं उलथनं टाकून धावले.

"अगो हा बाळा! हा मेला भिंतीवरून माझ्याकडे बघतोय गो!"

आता ह्या बाळाशी त्यांचा हापूसच्या कलमांवरून कोर्टात दावा चाललाय. बोलणं बंद, पाणी बंद, गणपती वेगळे. आणि त्याचेच डोळे घरात! वहिनी काकांवर तुटून पडल्या. "ज्याने आमची कलमं गिळली, त्याचे डोळे माझ्या नवऱ्याला लावता? काय शोभतं तुम्हाला?"

काका शांत. "वहिनी, डोळे बाळाचे असतील. पण नजर बघा. नजर यजमानांची हाय."

जळ्ळं मेलं ते लक्षण! मला हसावं की रडावं कळेना. पुढे ते बाळाच्या कानावर गेलं, तर तो म्हणतो, माझ्या परवानगीशिवाय माझे डोळे त्या घरात राहतातच कसे, वकिलाला विचारतो. शेवटी काकांनी यजमानांना काळा चष्मा घातला. आता ते भिंतीवर गोव्याला निघाल्यासारखे दिसतात, पण निदान दावा वाढला नाही.

बरं, एवढं झाल्यावर माणूस शहाणा होईल? निवृत्त कंडक्टर सावंतांनी लग्नानंतरचा भाट्याच्या किनाऱ्यावरचा फोटो दिला. नवराबायकोच्या मधोमध एक कुत्रा पाय वर करून उभा. सावंतांचं म्हणणं एवढंच, की कुत्रा काढा. काकांनी कुत्रा काढला. पण मग म्हणे मागे समुद्र फारच उदास वाटायला लागला. म्हणून समुद्रही काढला आणि तिथे काश्मीर घातलं! बर्फाचे डोंगर, आणि पुढे सावंत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून भेळेचा पुडा घेऊन उभे. सावंत हबकले. पण सावंतकाकी खूश. फोटो पुढच्या खोलीत लागला. आता आल्यागेल्यापाशी बाई सुरुवातच करते, "आम्ही काश्मीरला गेलेलो ना, तेव्हा." थंडी कशी होती तेसुद्धा सांगते. सावंत मान खाली घालून चकली खातात.

"फोटोतला माणूस खोटा दिसला तरी चालेल," काका म्हणायचे, "दुःखी दिसता नये."

आणि मग आमची पाळी आली. गेल्या वर्षी माझे सासरे गेले, आमचे अण्णा. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा फोटो हवा झाला. अण्णा जन्मात हसले नाहीत. लग्नात नाही, नातीच्या बारशाला नाही, कोर्टातला दावा जिंकला तेव्हाही नाही. आमच्या लग्नातल्या त्यांच्या फोटोत दाढ दुखत असल्यासारखा चेहरा आहे. मी काकांना बजावून सांगितलं होतं, "काका, फक्त बुरशीचे डाग काढा. बाकी अण्णांना हात लावायचा नाही." "छे छे, मी कशाला लावू?" म्हणाले.

फोटो आला. अण्णा हसत होते. नुसते हसत नव्हते, दात दाखवून हसत होते! वरची अख्खी कवळी बाहेर. आता आईंना, म्हणजे सासूबाईंना, हे कसं दाखवू? पण त्यांनी माझ्या हातातून फ्रेम घेतलीच. चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"वैशाली, हे कोण गो?"

"अण्णा."

"एवढे दात होते त्यांना?"

मी काकांकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. काका म्हणाले, "उद्या मिटतो तोंड, काय एवढं!" पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी स्वतःच फोटो देवघराशेजारी लावून घेतला. म्हणाल्या, "राहू दे. एवढा संसार केला, हे सुख काही बघायला मिळालं नाही. आता बघते." आणि खरंच रोज सकाळी दूध तापवता तापवता त्या अण्णांकडे बघून जराशा हसायला लागल्या. माझं भांडणच गेलं.

त्याबद्दल तांदळाचे चार घावणे द्यावेत म्हणून एके दिवशी डबा घेऊन मी काकांच्या घरी गेले. दार उघडं. हाक मारली, उत्तर नाही. मागे विहिरीवर पाणी काढत असतील म्हणून मी डबा ठेवायला आतल्या खोलीत गेले. आणि समोर बघते तर काय!

भिंतभर हात.

नुसते हात हो! मनगटापासूनचे, कोपरापासूनचे, एखादा खांद्यापर्यंतचा. कागदावर छापलेले, कापलेले, भिंतीला चिकटवलेले. हिरव्या बांगड्यांचे, लाल बांगड्यांचे. मध्येच एक पाऊल, बोटात जोडवं. कुठे नुसता पदर. कुठे एक कान, त्यात कुडी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्याकडे करणीबिरणीच्या गोष्टी काय कमी ऐकतो आपण? मनात म्हटलं, संपलं, हा माणूस घरोघरचे फोटो नेतो आणि बायकांचे हात कापून हे धंदे करतो! डबा हातातून निसटला, घावणे जमिनीवर, आणि मी देवाचं नाव घेत ओरडले.

काका बादली घेऊन धावत आले. "काय गो? विंचू हाय काय?"

"काका, हे काय आहे?"

"हात."

"ते दिसतंय मला! कुणाचे?"

काकांनी बादली खाली ठेवली. "मालतीचे," म्हणाले.

मी जमिनीवरचे घावणे गोळा करत तिथेच बसले. काका भिंतीला टेकून बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हा माणूस हळू आवाजात बोलला.

काका फोटो काढायचे आणि काकू लाईट धरायची. मला ती अंधुक आठवत होती, काटकुळी, न बोलणारी, हातात तो मोठा तापलेला दिवा. मांडवात सगळ्यांचं लक्ष नवरीकडे, हिच्याकडे कोण बघतंय? "लाईट लांबून धरला तर हात फोटोत येत नाय," काका म्हणाले. "पण मग उजेड पडत नाय चेहऱ्यावर. तिला वाटायचं नवरीचा चेहरा उजळ यावा. म्हणून पुढे पुढे सरकायची, आणि हात यायचा. प्रत्येक फोटोच्या कडेला हाय बघ हात. मी ओरडायचो तिच्यावर, हात काढ, हात काढ. चार लोकांत ओरडायचो."

दुरुस्तीला बसले तेव्हा पहिल्या फोटोत कडेचा तो हात त्यांनी डाग पुसावा तसा पुसला. "पुसला आणि बसलोच. म्हटलं, अरे, हा कुणाचा हात पुसला मी?"

तेव्हापासून पुसलेला प्रत्येक हात आधी काढून ठेवायचा, असं चाललं होतं. वाईट फोटो मागत फिरायचं खरं कारण हे. लोकांचे डोळे उघडणं खोटं नव्हतं, पण ते वाटेत जमलं तेवढं. निगेटिव्ह सगळ्या वाळवीने खाल्लेल्या. आता काकू जी काही उरली होती ती लोकांच्या घरात, अल्बमांच्या कडेकडेला, तुकड्या तुकड्यांनी.

"पण काकूंचा एक तरी फोटो असेल ना तुमच्याकडे?"

"नाय."

"काका! तुम्ही फोटोवाले!"

"म्हणूनच नाय. ती म्हणायची, माझ्यावर रोल वाया घालवू नका. मी म्हणायचो, शेवटचा एक उरला की तुझा काढीन. लग्नात शेवटचा एक कधी उरतो काय? एवढ्या लोकांच्या बायका काढल्या, माझी तेवढी राहिली."

मला राग आला. खरं सांगते, असा राग आला की वाटलं तो डबा फेकून मारावा. "निवडणुकीच्या कार्डावर तरी असेल!"

"हाय ना. पण त्यात ती नाय. त्यात कोणतरी भलतीच बाई हाय, काळा डाग आणि दोन नाकपुड्या." एरवी मी हसले असते. माझंही कार्ड तसंच आहे. पण काका पुढे म्हणाले, "तिचा चेहरा आता मला नीट आठवत नाय गो वैशाली. नाक आठवतं. कपाळ आठवतं. एकत्र करायला जातो तर तिसरीच कोणतरी होते. हात सगळे मिळाले, पाय मिळाले. चेहरा कुठे नाय मिळाला. आणि मला भ्या वाटतं, आणखी थोड्या दिवसांनी तो समोर आला तरी मी म्हणेन, ही कोण?"

मी घावणे कागदावर ठेवून मुंग्या झटकत बसले.

मग काकाच म्हणाले, "एक फोटो राहिलाय. तुमच्या लग्नातला, घासाचा. तुमच्या अल्बममध्ये नाय तो. अण्णांच्या फोटोसाठी अल्बम आणला तेव्हा बघितला मी."

त्यांना सगळं आठवत होतं. लग्न माझ्या माहेरी, नाटे गावात, पुढच्या अंगणात, खळ्यात मांडव. प्लग एकच, तोही पडवीच्या पार आत. काकूच्या लाईटची वायर पुरेना. एरवी ती काकांच्या बाजूला उभी राहायची, त्या दिवशी उलटीकडे, आमच्या पाठीमागे स्टूलवर उभी राहिली. म्हणजे कॅमेऱ्यासमोर. "चेहरा आला असेल तर त्यातच. मी तेव्हा तुमचे मिटलेले डोळेच बघितले आणि लाजेने फोटो अण्णांच्या हातात कोंबून आलो. मागे कोण होतं ते कोण बघतंय!"

मी घरी आले ती थेट आईंसमोर. "आई, घासाचा फोटो कुठे आहे?"

आई शेंगा सोलत होत्या. हात थांबले. "कुठला फोटो?"

"आमच्या लग्नातला. मी ह्यांना जिलबी भरवते तो."

"तो टाकला."

"कुठे टाकला?"

"टाकला म्हणजे टाकला. नवराबायको दोघांचे डोळे मिटलेले आणि तोंडं उघडी. असला अपशकुनी फोटो घरात ठेवतात काय?"

माझं धाबं दणाणलं. मी त्यांना सगळं सांगितलं, हात, भिंत, काकू, चेहरा. आई ऐकत राहिल्या. मग शेंगांची परात बाजूला सारली, उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. आईंनी तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं, बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"आई, हे काय करताय?"

त्यांनी तळातून एक प्लास्टिकची पिशवी वर ओढली. आत फोटो.

लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवसापासून मी ह्या पिंपातून तांदूळ काढते, आणि तळाशी माझं लग्न पुरलेलं! आता कळलं, पिंप रिकामं झालं की ते धुवायला ही बाई मला कधी हात का लावू देत नव्हती ते.

"टाकवेना गो," आई म्हणाल्या. "झालं तरी लग्नाचा फोटो. ठेवावा तर अपशकुन, टाकावा तर पाप. म्हटलं तांदळात ठेवू. अक्षता म्हणून आपण तांदूळच टाकतो ना डोक्यावर? दोष जाईल तो जाईल."

दोषाचं मला माहीत नाही, पण दमट हवा काही आत गेली नव्हती. आमच्या कोकणात चार पावसाळ्यांत फोटोला बुरशी धरते, माणसांच्या तोंडावर नकाशे उमटतात. हा फोटो काल काढल्यासारखा कोरडा ठणठणीत! मी तोंडाचा आ वासलेली, डोळे गच्च. आमचे हे तसेच, वर नाकाला जिलबीचा पाक. आणि दोघांच्या डोक्यांच्या मधल्या फटीत, मागे अंधारात, बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा एक चेहरा. ओळखण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही.

मी चप्पल न घालताच धावले. काकांनी फोटो घेतला. भिंग काढलं. फोटो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. "जा तू," म्हणाले. मी विचारलं, "आहे काय?" तर पुन्हा, "जा गो तू." आणि दार लावून घेतलं. एवढी धावपळ करून फोटो आणून दिला आणि माझ्या तोंडावर दार!

मग पुढे कितीतरी दिवस जनूकाका दिसले नाहीत. हाळी नाही, चहा नाही. सरूवहिनी दोनदा विचारून गेल्या, बरे आहेत ना? मी डबा नेला की हात बाहेर यायचा, डबा आत जायचा. मला धाकधूक. तो चेहरा फुटला असेल, मोठा करायला गेल्यावर नुसते ठिपके झाले असतील, आणि हा माणूस आत एकटा बसून काय करून घेईल कोण जाणे.

आणि एका दुपारी आले. आम्ही जेवून पडवीत बसलो होतो, आई, मी आणि हे. काकांच्या काखेत कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम. अंगात इस्त्रीचा शर्ट. मी उठून उभी राहिले.

"मिळाल्या काकू?"

त्यांनी कागद सोडला. मी बघितलं आणि मला घेरीच यायची बाकी राहिली. मांडव आमचा. झालर आमची. मागे नाट्याच्या घराचा दरवाजा, वरचं आंब्याचं तोरण, तेही आमचं. आणि मधोमध जिथे आम्ही दोघं बसलो होतो, तिथे कोणीच नाही! पाट सुद्धा नाही. आम्ही साफ गायब!

"काका! आम्ही कुठे?"

"तुम्ही मध्ये येत होतात," काका म्हणाले.

"आमच्या लग्नात आम्ही मध्ये येत होतो?"

"तिच्या मध्ये येत होतात गो. तुम्हाला काढल्याशिवाय ती पुरी दिसेना."

मी भांडायला तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, लग्न म्हणजे काय कुत्रा आहे काय, आवडला नाही म्हणून काढून टाकायला? आमचे हे मध्येच म्हणाले, "जाऊ दे, मी तसाही त्यात वाईटच दिसत होतो." ते राहू देत. पण मी उघडलेलं तोंड तसंच राहिलं, कारण तेवढ्यात माझी नजर मागच्या बाईवर गेली.

स्टूलवर मालतीकाकू उभी होती. पुरी. भिंतीवरचे पाय, पदर, कुडीचा कान, सगळं जागच्या जागी लागून, पायापासून डोक्यापर्यंत. ओठाला बारीकशी मुरड, कपाळावर घामाने जरा फिसकटलेलं कुंकू, ते काकांनी पुसलं नव्हतं. सगळ्या मांडवाचे डोळे मिटलेले आणि तिचे टक्क उघडे! तिला त्या फ्लॅशची सवय होती ना. कुणाकडे बघत होती? समोर. सरळ. नवऱ्याने खूण केली की लाईट वर करायचा, म्हणून ती फक्त त्याच्या खुणेची वाट बघत, त्याच्याकडे बघत उभी होती. प्रत्येक लग्नात हे असंच उभं राहून ती काकांकडे बघत असणार, आणि हा माणूस भिंगातून दुसऱ्यांच्या बायका बघत होता.

"बघितली कधीच नाय मी तिला," काका म्हणाले. "तीच बघत होती."

आईंनी फ्रेम मांडीवर घेतली. चष्मा पुसून लावला. त्यांना काकू चांगली आठवत होती. "हीच. हीच गो मालती," म्हणाल्या. मग बारकाईने बघत राहिल्या. "हातातला दिवा कुठे गेला हिच्या?"

"काढला," काका म्हणाले. "किती धरायचा तिने? हात भरून आला असेल. दिवा काढला तर मूठ तशीच राहिली, म्हणून पावसकरांच्या मुंजीतला उघडा हात लावला. तिचाच हाय. बांगड्या तेवढ्या दुसऱ्या हायत."

मी वाकून बघितलं. दिवा नाही, आणि हात मात्र वर केलेला, पंजा उघडा. बसस्टँडवर लांबून आपलं माणूस दिसलं की करतो ना आपण, तस्सा.

"मग ही कुणाला हात करत्येय?" आईंनी विचारलं.

काकांना एवढा वेळ हे सुचलंच नव्हतं बहुतेक. ते फोटोकडे बघत राहिले. "मला," म्हणाले, आणि उभ्या उभ्या रडायला लागले. शर्टाच्या बाहीने डोळे पुसायचे आणि पुन्हा बघायचे. आमचे हे उठून आत पाणी आणायला गेले ते आतच थांबले. माझ्याने तर बघवेना.

आईंनी फ्रेम उचलली आणि त्यांच्या समोर खुर्चीवर नीट उभी करून ठेवली.

"मग तुम्ही पण करा की हात, जनूभाऊ," म्हणाल्या. "किती वेळ झाला, ती एकटीच करत्येय."

आणि त्या वेड्या माणसाने भर दुपारी, आमच्या पडवीत, सगळ्यांच्या देखत, खरोखरच हात वर केला.